ताटातला कावळा, चव्हाट्यावरचा खांब

एका टकल्या माणसाच्या टाळूवर माशी बसली आणि चावली. तिला चिरडायला त्याने हात उगारला, माशी उडाली आणि ती चपराक त्याच्याच डोक्यावर बसली. माशीने त्याची टर उडवली. एवढ्याशा चाव्याबद्दल तो तिचा जीव घ्यायला निघाला होता. आता स्वतःला तो काय शिक्षा देणार? इजा झालीच होती, वर त्याने आपल्या हाताने स्वतःचा अपमानही करून घेतला होता. फीड्रस या रोमन लेखकाने ही गोष्ट इसवी सनाच्या पहिल्या शतकात लॅटिन पद्यात लिहिली. ‘ॲड इन्सल्ट टु इंज्युरी’ या इंग्रजी वाक्प्रचाराचे मूळ तिथे सापडते.

चार्ल्स डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’मध्ये सॅम वेलर हा नोकर हाच वाक्प्रचार एका पोपटाच्या नावावर खपवतो. त्या पोपटाला मायदेशातून उचलून नेले ते नेलेच, वर त्याला इंग्रजी बोलायला लावले, ही त्याची तक्रार. १८३७ च्या सुमारास लंडनच्या वाचकांना हे वाचून हसू आले असेल. ज्यांच्या देशात इंग्रजी राज्यासोबत आली, त्यांना मात्र त्या पोपटाचे म्हणणे लगेच पटते.

मराठीत या वाक्प्रचाराला ‘जखमेवर मीठ चोळणे’ हा जवळचा जोडीदार आहे. तरी दोन्हींत फरक आहे. मीठ जखमेची आग वाढवते, म्हणजे दुःख एकच राहते आणि ते दुप्पट होते. इंग्रजीत खाती दोन आहेत: शरीराची इजा एका खात्यावर, मानाची दुसऱ्या. कित्येक अनुवादक इथे ‘दुष्काळात तेरावा महिना’ वापरतात, ते साफ चूक आहे. तेराव्या महिन्यात संकटावर संकट येते, पण त्यात कोणी कोणाला हिणवत नाही.

‘इन्सल्ट’ या शब्दाच्या पोटात लॅटिनमधली उडी आहे, कोणाच्या तरी अंगावर झेप घेणे. ‘ह्युमिलिएशन’च्या मुळाशी ‘ह्यूमस’ म्हणजे माती आहे. पहिला शब्द अंगावर येतो, दुसरा जमिनीवर पाडतो. मराठी माणूसही कोणाला धूळ चारतो, कोणाचे नाव मातीत मिळवतो. अपमानाची भाषा कुठलीही असो, ती आधी शरीराची भाषा असते, आणि तिच्यात बहुतेक वेळा बघ्यांची गर्दी असते. इंग्रजी वाक्प्रचार एकेक करून उघडले की आत खरी माणसे सापडतात: खांबाला जखडलेली, डांबर फासलेली, कोणी बोलत नाही म्हणून एकटी पडलेली. हे वाक्प्रचार आज वर्तमानपत्रांत, कचेऱ्यांत आणि शाळांत रोज वापरले जातात, म्हणून त्या माणसांची ओळख करून घेणे भाग आहे.

सुरुवात ताटापासून करावी, कारण इंग्रज माणूस अपमान खातो. ‘ईट हम्बल पाय’ म्हणजे चूक कबूल करून नमते घेणे. यातला ‘हम्बल’ मुळात नम्र या अर्थाचा नाही. हरणाचे काळीज, यकृत, आतडी यांना जुन्या इंग्रजीत ‘अम्बल्स’ म्हणत आणि त्यांचा पाय करत, म्हणजे पिठाच्या पारीत भरून भाजत. इंग्लंडच्या बऱ्याच भागांत शब्दाच्या सुरुवातीचा ‘ह’ उच्चारत नाहीत. तिथे ‘हम्बल’ आणि ‘अम्बल’ कानाला एकच. त्या सारखेपणावर खेळ झाला आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा वाक्प्रचार रूढ झाला. मालकाने मांस खायचे आणि नोकरांनी आतडी, म्हणून तो गरिबीचा पदार्थ, असे नेहमी सांगितले जाते. पण आरमाराच्या कचेरीतला वजनदार अधिकारी सॅम्युएल पेपिस याच्या रोजनिशीत जुलै १६६३ मध्ये शेजारीण भट्टीतून काढलेला गरमागरम अम्बल पाय घेऊन येते आणि तो त्याला फार आवडतो. तो पदार्थ तेव्हा सुखवस्तू घरांतही चवीने खाल्ला जाई. त्याला कमीपणा आला तो शब्दाच्या उच्चारामुळे.

अमेरिकेत पायच्या जागी कावळा आला. ‘ईट क्रो’ची गोष्ट १८५० च्या सुमारास तिथल्या नियतकालिकांत छापली गेली. न्यूयॉर्क राज्यातल्या एका घरी जेवून-खाऊन राहणारे पाहुणे जेवणाची कुरकुर करत. घरमालक म्हाताऱ्याचे त्यावर एकच उत्तर: मी काहीही खाऊ शकतो. एकाने कावळा मारून आणला, शिजवला, तपकीर भरभरून मसाल्यासारखी लावली आणि पुढ्यात ठेवला. म्हातारा हट्टाने खाऊ लागला. प्रत्येक घासाला तो सांगत राहिला की मला कावळा खाता येतो, पण त्याची मला आवड मुळीच नाही. १८१२ च्या अमेरिका-ब्रिटन युद्धातल्या एका अमेरिकी सैनिकाची आणि त्याच्याकडून कावळा खाववणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्याची जी गोष्ट पुष्कळदा सांगतात, ती छापून आली त्यानंतर कितीतरी वर्षांनी. मराठी वाचकाला हा कावळा लगेच पचत नाही. त्याच्या ओळखीचा कावळा दहाव्याच्या पिंडाला शिवतो. त्याला खाण्याची कल्पना अपमानाच्या पलीकडे अभद्राकडे जाते. म्हणून ‘ईट क्रो’चे मराठी करताना कावळा सोडून द्यावा आणि ‘शब्द मागे घ्यावे लागणे’ किंवा ‘नाक घासणे’ जवळ करावे.

खाण्याच्या बाबतीत मराठी मागे नाही. बोलणी खायची, शिव्या खायच्या, मार खायचा, आणि अपमान गिळायचा. पण इथे एक खड्डा आहे. ‘ईट डर्ट’ म्हणजे निमूटपणे अपमान सोसणे. ‘माती खाणे’ म्हणजे स्वतःच लाजिरवाणी चूक करणे, आणि ‘शेण खाणे’ तर त्याहून वाईट. शब्दाला शब्द ठेवला तर सोसणारा बिचारा गुन्हेगार होऊन बसतो. उलट ‘एग ऑन युअर फेस’ या अमेरिकी प्रयोगाला मराठीत तयार जागा आहे: तोंडघशी पडणे. तिथे अंडे फोडायची गरज नाही.

आता चौकात यावे. इंग्लंडमध्ये शेकडो वर्षे ‘पिलरी’ नावाचा लाकडी सापळा बाजाराच्या जागी उभा असे. उंच खांबावर आडवी फळी, तिला तीन भोके. मधल्यात मान, दोन्हीकडे मनगटे. गुन्हेगाराला त्यात तासभर उभे करत आणि लोकांनी अंडी, चिखल, मेलेली मांजरे, कधी दगडही फेकायचे. शिक्षा सरकार सुरू करी आणि किती द्यायची ते गर्दी ठरवी. काहींचे डोळे गेले, काहींचे प्राण गेले. ‘रॉबिन्सन क्रूसो’ लिहिणारा डॅनिएल डीफो जुलै १७०३ च्या शेवटच्या तीन दिवसांत लंडनमधल्या तीन ठिकाणी असा उभा होता. त्याचा गुन्हा म्हणजे धर्मपीठाच्या कडव्या समर्थकांची नक्कल करून लिहिलेली एक पुस्तिका. त्याने त्या सापळ्यावरच पद्य रचले आणि गर्दीत त्याच्या प्रती विकल्या गेल्या. लोकांनी त्याच्यावर फुले उधळली अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, गर्दीने त्याला दगड मारले नाहीत. ब्रिटनने ही शिक्षा १८३७ साली कायमची बंद केली. क्रियापद मात्र उरले: वर्तमानपत्रे आजही मंत्र्यांना ‘पिलरी’ करतात.

मराठीत या कामाला दोन जागा आहेत. प्रकरण चव्हाट्यावर आणायचे, किंवा आब्रूची लक्तरे वेशीवर टांगायची. चव्हाटा म्हणजे चार वाटा मिळतात ती जागा आणि वेस म्हणजे गावात शिरण्याची जागा. दोन्हीकडे येणाराजाणारा प्रत्येक जण पाहतो. हे दोन्ही प्रयोग इतके नेमके आहेत की ‘पब्लिक शेमिंग’साठी नवा शब्द घडवण्याची गरजच नाही. समाजमाध्यमांवर एखाद्या मुलीचे छायाचित्र फिरवून तिला हजारो शिव्या दिल्या जातात, तेव्हा चव्हाट्याची लांबी-रुंदी वाढलेली असते, एवढेच.

चौकातली दुसरी शिक्षा फिरती होती. सॉमरसेट परगण्यात माँटाक्यूट हाऊस नावाचा साधारण १६०० सालचा वाडा आहे. त्याच्या दिवाणखान्यातल्या भिंतीवर चुन्यात उठवलेला एक पट्टा आजही पाहता येतो. डाव्या बाजूला नवरा पिंपातून बिअर काढतो आहे. बायको मागून त्याच्या डोक्यात जोडा हाणते आहे. शेजारी ते पाहतो आहे. उजव्या बाजूला मिरवणूक निघाली आहे आणि माणसाला दांड्यावर बसवून वाजतगाजत गावातून नेत आहेत. याला ‘स्किमिंग्टन’ म्हणत. बायकोचा मार खाणारा नवरा, बायकोला मारणारा नवरा, बाहेरख्याली जोडपे, असे कोणीही त्यात सापडे. कढया, पळ्या, हाडे, घंटा बडवत गाव निघे आणि बऱ्याचदा त्या माणसाचा पुतळा नाहीतर त्याचे सोंग घेतलेला शेजारी गाढवावर किंवा घोड्यावर उलटा बसवत. टॉमस हार्डीच्या ‘द मेयर ऑफ कॅस्टरब्रिज’ या १८८६ च्या कादंबरीत अशीच एक मिरवणूक एका बाईच्या मरणाला कारण होते. खिडकीतून ती स्वतःचा पुतळा पाहते, कोसळते आणि पुन्हा उठत नाही.

हे वाचणाऱ्या मराठी माणसाला ‘धिंड’ आठवल्याशिवाय राहत नाही. तोंडाला काळे फासून, गाढवावर उलटे बसवून काढलेली धिंड ही नुसती म्हण नव्हती. १७९१ साली पुण्याचा कोतवाल घाशीराम याला शहरातून फिरवून लोकांनी दगडांनी ठेचून मारले. आणि हे सगळे इतिहासजमा झालेले नाही. गावात बाईची धिंड काढल्याची बातमी अजूनही अधूनमधून छापून येते. इंग्रजीतला ‘स्किमिंग्टन’ संग्रहालयात गेला, मराठीतली धिंड अजून पोलिसांच्या नोंदवहीत आहे. म्हणून निवडणुकीत हरलेल्या पक्षाची किंवा सामना हरलेल्या संघाची ‘धिंड निघाली’ असे मथळे देताना हात आखडायला हवा.

‘टार अँड फेदर’चेही तसेच. बाराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड धर्मयुद्धाला निघाला, तेव्हा जहाजावर चोरी करणाऱ्याचे डोके भादरून त्यावर उकळते डांबर ओतावे आणि पिसे झटकावीत, असा त्याने हुकूम काढला. सहाशे वर्षांनी अमेरिकी वसाहतींत जमावांनी ती शिक्षा उचलली. जानेवारी १७७४ मध्ये बॉस्टनच्या कडाक्याच्या थंडीत जॉन माल्कम या जकात अधिकाऱ्याचे कपडे काढून त्याला डांबर आणि पिसे फासली आणि तासन्‌तास गाडीतून फिरवले. डांबर निघताना कातडी सोबत निघते. आज हा शब्दप्रयोग दोन संपादकांच्या भांडणातही सहज येतो. त्यातली सोललेली कातडी कोणाला दिसत नाही.

‘रन द गाँटलेट’ आणि ‘थ्रो डाऊन द गाँटलेट’ हे दोन प्रयोग सख्खे भाऊ वाटतात, पण त्यांचे रक्ताचे नातेच नाही. दुसऱ्यातला गाँटलेट म्हणजे सरदाराचा लोखंडी हातमोजा. तो जमिनीवर टाकला की आव्हान झाले. इंग्लंडच्या राज्याभिषेकाच्या मेजवानीत चिलखत घातलेला वीर घोड्यावरून दालनात येई आणि राजाचा हक्क नाकारणाऱ्याला आव्हान म्हणून हातमोजा खाली टाकी. हा सोहळा शेवटचा झाला १८२१ साली, चौथ्या जॉर्जच्या वेळी. पहिल्यातला गाँटलेट स्वीडिश आहे. ‘गाता’ म्हणजे गल्ली, ‘लोप’ म्हणजे धाव. सैनिकांच्या दोन रांगा समोरासमोर, मधून उघड्या पाठीच्या अपराध्याने पळायचे आणि दोन्हीकडून छड्या बसायच्या. सतराव्या शतकात युरोपातल्या तीस वर्षांच्या युद्धाच्या काळात हा शब्द इंग्रजी सैनिकांच्या तोंडी बसला, आणि ओळखीचा हातमोजा त्याच्या जागी आयता येऊन बसला. एका वाक्प्रचारात मान आहे, दुसऱ्यात मार.

अशा घोटाळ्यांवर लोककथा फार पोसल्या जातात. ‘कोल्ड शोल्डर’ हे त्याचे नामी उदाहरण. नकोशा पाहुण्याला गरम जेवणाऐवजी मेंढीच्या खांद्याचे थंडगार मांस वाढत, म्हणून हा प्रयोग, असे पुस्तकांमागून पुस्तकांत लिहिलेले असते. प्रत्यक्षात तो सर वॉल्टर स्कॉटच्या लेखनात १८१६ च्या सुमारास स्कॉटिश बोलीत दिसतो आणि तिथे जेवणाचा मागमूस नाही. कोणीतरी खांदा फिरवून पाठ करते, एवढेच. मराठीतले ‘पाठ फिरवणे’ आणि ‘तोंड फिरवणे’ हेच सांगतात. गोष्ट जितकी रंगतदार आणि नीटनेटकी, तितका तिच्यावर संशय घ्यावा, हा नियम शब्दांच्या बाबतीत सहसा चुकत नाही.

पांढऱ्या पिसाची गोष्ट मात्र पूर्ण खरी आहे आणि फार क्रूर आहे. कोंबड्यांच्या झुंजीत ज्याच्या शेपटीत पांढरे पीस, तो अस्सल झुंजार जातीचा नव्हे, असा समज होता. फ्रान्सिस ग्रोसच्या १७८५ च्या बोलीकोशात भित्र्या माणसासाठी हा शब्द नोंदलेला आहे. ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध पेटताच चार्ल्स पेनरोज फिट्झगेराल्ड या निवृत्त नौदल अधिकाऱ्याने फोकस्टन या गावी तीस स्त्रियांना उभे केले. गणवेश नसलेला तरुण रस्त्यात दिसला की त्याच्या हातात पांढरे पीस द्यायचे. हे लोण देशभर पसरले. रजेवर आलेल्या, साध्या कपड्यांतल्या सैनिकांनाही पिसे मिळाली, जखमी होऊन सैन्यातून सुटलेल्यांनाही मिळाली. १९१६ साली सरकारने अशा जखमींना छातीवर लावायला चांदीचा बिल्ला दिला, तेव्हा रस्त्यावरच्या अपमानापासून त्यांचा बचाव हेही त्यामागचे कारण होते.

महाराष्ट्रात पिसाच्या जागी बांगड्या येतात. ‘हातात बांगड्या भरा’ असे सुनावणे जुने आहे, आणि मोर्चातल्या स्त्रिया सुस्त अधिकाऱ्याला बांगड्यांचा आहेर देतात तेव्हा छायाचित्रकारांची झुंबड उडते. दोन्हीकडे स्त्रीच्या हातून पुरुषाला हिणवायचे, आणि हिणवायचे कशावरून, तर तो बाईसारखा आहे यावरून. बांगड्या देणारी बाई त्या क्षणी स्वतःच्या हातातल्या बांगड्यांनाही कमी लेखते. हा प्रकार आता थांबवायला हवा.

क्रूरतेच्या मानाने केंब्रिजचा ‘वुडन स्पून’ सौम्य, आणि त्याचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे. केंब्रिज विद्यापीठाच्या गणिताच्या ‘ट्रायपॉस’ परीक्षेचा निकाल गुणानुक्रमे लागत असे. वरच्या वर्गातले ते रँग्लर. १८९९ साली त्या यादीच्या शिखरावर दोन नावे बरोबरीने होती. त्यांतले एक रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. दापोली तालुक्यातल्या मुर्डीच्या या मुलाचे महाराष्ट्राने केवढे कौतुक केले! ‘रँग्लर परांजपे’ हीच त्यांची कायमची ओळख झाली. त्याच यादीच्या तळाशी, पण उत्तीर्ण झालेल्यांमध्ये शेवटचा, असाही एक जण दरवर्षी असे. पदवीदान समारंभात तो कुलगुरूंपुढे गुडघे टेकून बसला की सज्जातले विद्यार्थी दोरीने एक लाकडी चमचा त्याच्या डोक्यावर सोडत. सुरुवातीला साधा असलेला हा चमचा वाढत वाढत वल्ह्याएवढा झाला. शेवटचा चमचा १९०९ साली परांजप्यांच्याच सेंट जॉन्स कॉलेजातल्या कथबर्ट होल्टहाऊस या विद्यार्थ्याला मिळाला. पुढच्या वर्षापासून निकाल वर्णानुक्रमे लागू लागला आणि शेवटचा कोण, हे कळेनासे झाले. रग्बीच्या सहा देशांच्या स्पर्धेत तळाच्या संघाला मिळणारा कागदोपत्री चमचा तो हाच. निकालाची पद्धत बदलली की टिंगलीची जागाच नाहीशी होते, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे नाही. दहावीच्या निकालाच्या दिवशी गुणांचे फलक लावणाऱ्या शिकवण्यांनी ते जरूर लक्षात घ्यावे.

शाळेचा विषय निघालाच आहे, तर ‘डन्स’ या शब्दाने एका विद्वानावर केलेला अन्यायही नोंदला पाहिजे. जॉन डन्स स्कोटस हा स्कॉटलंडमधल्या डन्स गावचा तत्त्वज्ञ. मृत्यू १३०८, कोलोनमध्ये. बुद्धीच्या बारकाव्यासाठी तो युरोपभर नावाजला गेला. दोनशे वर्षांनी नव्या विद्येचे पुरस्कर्ते त्याच्या अनुयायांना जुनाट आणि हेकट म्हणून त्याच्या नावाने चिडवू लागले, आणि होता होता ते नाव मठ्ठ पोराच्या डोक्यावरची कागदी टोपी झाले.

शिव्या न देता केलेला अपमान सर्वांत खोल जातो. १७३५ साली प्रसिद्ध झालेल्या एका काव्यपत्रात कवी अलेक्झांडर पोपने निबंधकार जोसेफ ॲडिसनचे जे चित्र काढले, त्यातून ‘डॅम विथ फेंट प्रेज’ हा प्रयोग इंग्रजीला मिळाला: इतकी कोमट स्तुती करायची की ती निंदाच ठरावी. ॲडिसनला जाऊन तेव्हा पंधरा-सोळा वर्षे झाली होती. मराठीने यासाठी जो शब्द घडवला आहे तो इंग्रजीहून देखणा आहे: शालजोडीतला. उंची शालजोडी अंगावर पडते, माणूस सुखावतो, आणि मग आतला जोडा लागतो. ‘बॅकहँडेड कॉम्प्लिमेंट’चे ‘उलट्या हाताची प्रशंसा’ असे भाषांतर करणाऱ्याने आपल्याच घरात ठेवलेली ही शाल एकदा उलगडून पाहावी.

‘लूज फेस’ हा प्रयोग तर इंग्रजांचा मुळी नाहीच. एकोणिसाव्या शतकात चीनच्या बंदरांत राहणाऱ्या इंग्रजांनी तो चिनी बोलण्यातून उचलला. मराठीला त्यासाठी इतक्या लांब जावे लागले नाही. ‘आब्रू’ हा फारसी शब्द ‘आब’ आणि ‘रू’ यांचा: चेहऱ्यावरचे पाणी, चेहऱ्याचे तेज. कोणाचा पाणउतारा होतो तेव्हा हेच पाणी उतरते. न्यायालयातला अब्रूनुकसानीचा दावा म्हणजे शब्दशः चेहऱ्याचे तेज गेल्याचा दावा. चेहऱ्यातही मराठीचा जीव नाकात. नाक कापले जाते, नाक मुठीत धरून जावे लागते, नाकदुऱ्या काढाव्या लागतात, आणि दिवस फिरले की नाकावर टिच्चून उभे राहता येते. इंग्रजी नाक वर करून तुच्छता दाखवते; मराठी नाक घासून शरण जाते.

सगळ्यांत जड वाक्प्रचार मौनाचा आहे. ‘सेंड टु कव्हेंट्री’ म्हणजे एखाद्याशी कोणीच बोलायचे नाही, तो समोर असला तरी नाही असे वागायचे. १६४० च्या दशकातल्या इंग्लंडच्या यादवीत बर्मिंगहॅमजवळ पकडलेले राजाचे सैनिक कव्हेंट्रीला पाठवले जात, कारण ते गाव पार्लमेंटच्या बाजूचे होते आणि तिथे त्यांच्याशी कोणी संबंध ठेवत नसे, अशी एक उपपत्ती आहे. त्या यादवीचा इतिहास लिहिणाऱ्या क्लॅरेंडनच्या ग्रंथात कैदी पाठवल्याची नोंद आहे. वाक्प्रचार मात्र १७६० च्या दशकाआधी सापडत नाही, म्हणून मधल्या शंभरेक वर्षांचा दुवा तुटलेलाच राहतो.

या कव्हेंट्रीचा पुढचा मुक्काम आयर्लंड. सप्टेंबर १८८० मध्ये एनिस येथील सभेत आयरिश पुढारी चार्ल्स स्ट्युअर्ट पार्नेल यांनी कुळांना सांगितले की, हुसकावून लावलेल्या कुळाची जमीन जो घेईल त्याला नैतिक कव्हेंट्रीत टाका: दुकानात, रस्त्यात, देवळात त्याला एकटा पाडा. काही आठवड्यांत मेयो परगण्यात लॉर्ड अर्न यांचा कारभारी कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट याच्यावर तो प्रयोग झाला. मजूर गेले, धोबीण गेली, दुकानदाराने माल नाकारला, टपाल बंद पडले. पीक काढायला उत्तरेकडून पन्नास स्वयंसेवक आणावे लागले आणि त्यांच्या रक्षणाला सुमारे हजार सैनिक आणि पोलीस. पाचेकशे पौंडांच्या पिकासाठी दहा हजार पौंड खर्च झाल्याचा तेव्हाचा अंदाज आहे. या नव्या हत्याराला नाव काय द्यावे? ‘ऑस्ट्रसाइज’ हा ग्रीक शब्द कुळांच्या जिभेवर बसला नसता. स्थानिक धर्मगुरू जॉन ओमॅली यांनी त्या कारभाऱ्याचे आडनावच सुचवले असे सांगतात. तो ग्रीक शब्दही पाहण्यासारखा आहे. अथेन्समध्ये नको असलेल्या पुढाऱ्याचे नाव खापराच्या तुकड्यावर लिहून मत देत आणि त्याला दहा वर्षे हद्दपार करत. मराठी माणूस आजही दोषाचे खापर कोणाच्या तरी माथी फोडतो. दोन खापरांचा एकमेकांशी संबंध नाही, पण दोन्ही माणसावरच फुटतात.

बंगालच्या फाळणीनंतर, १९०५ पासून, स्वराज्य, स्वदेशी आणि राष्ट्रीय शिक्षण यांच्या जोडीला लोकमान्य टिळकांच्या चतुःसूत्रीत ‘बहिष्कार’ आला, तो या आयरिश अर्थाने: दुबळ्याने बलवानाविरुद्ध वापरायचे हत्यार. पण तोच शब्द या भूमीत त्याआधी शतकानुशतके उलट्या दिशेने चालत होता. जातपंचायत घराला वाळीत टाके, पाणी बंद, लग्न बंद, मयताला खांदा बंद. इंग्रजीलाही याची झळ लागली आहे. ‘परायाह’ हा इंग्रजी शब्द, ज्याला कोणी उभे करत नाही अशा माणसासाठी किंवा राष्ट्रासाठी, रोज वापरला जातो. तो तमिळनाडूतल्या परैयर समाजाचे नाव आहे. ‘परै’ हा त्यांचा ढोल. एका जिवंत समाजाचे नाव इंग्रजीने अपमानाचे नाम म्हणून चालवले, आणि लंडन-न्यूयॉर्कचे संपादक ते आजही सहज लिहितात. मराठी पत्रकारांनी तरी ते उचलू नये.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३ एप्रिल १९२७ रोजी, महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर दोन आठवड्यांनी, पाक्षिक काढले आणि त्याचे नाव ठेवले ‘बहिष्कृत भारत’. ज्या शब्दाने माणसाला गावाबाहेर काढले होते, तोच शब्द शीर्षस्थानी छापला गेला.

म्हणूनच ‘सेंड टु कव्हेंट्री’चे मराठी करताना थांबावे लागते. कोशात ‘वाळीत टाकणे’ असे मिळते. पण इंग्रजी शाळकरी कादंबरीत वसतिगृहातली मुले एखाद्याशी आठवडाभर बोलत नाहीत, तेव्हा ती त्याला वाळीत टाकत नाहीत. ती अबोला धरतात. तिथे ‘अबोला’ लिहावे. ‘वाळीत टाकणे’ हा शब्द त्याच्या खऱ्या जागेसाठी राखून ठेवावा. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ साली स्वतंत्र कायदा केला, तो जुलै २०१७ पासून लागू आहे, आणि कोणाला वाळीत टाकल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.